घट

कुटबणच्या जेटीवर, साळ नदी समुद्राला मिळते तिथे,
मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
लाद्या किती निघाल्या, किती फुटल्या,
कुठल्या ट्रॉलरने किती उधार नेल्या.
एकोणीस वर्षं. अमोनियाचा वास
आता मला माझाच वाटतो.

आमच्याकडे बर्फ उभा गोठतो,
पत्र्याच्या साच्यात, मिठाच्या पाण्यात बुडून.
आडवा बर्फ मी पहिल्यांदा पाहिला
कायतानच्या फोनवर, भर मे महिन्यात:
एवढा बर्फ, आणि त्यावर एकही बांगडा नाही!
नुसती बारा माणसं, काठ्या घेऊन
एका काळ्या चकतीच्या जिवावर उठलेली.

कायतान बोटीवर सतरा वर्षं भांडी घासून परतला.
हॅलिफॅक्सच्या बंदरात कुणीतरी त्याला
स्केट्सचे दोन जोड दिले, एक त्याच्या मापाचा,
एक कुणाच्याच नाही.
तो मला होतो, तीन मोजे चढवले की.

तेव्हापासून पहाटे साडेचारचा गजर.
नवरा कूस बदलून विचारतो, कोण गेलं?
कुणी नाही गेलं. आपण हरतोय, एवढंच.
आपण म्हणजे त्या थंड गावातली निळी पोरं.
त्यांची आडनावं माझ्या जिभेवर घसरतात,
पण कुणाचा डावा गुडघा दुखतो ते मला ठाऊक असतं.
तिसरा डाव संपत येतो तेव्हा पोदेर वाड्यावर शिरतो.
एकदा गोलचा भोंगा आणि पावाचा भोंगा
एकाच क्षणी वाजले,
मी ओरडत दारात गेले, पैसे न घेता.
त्याने चार उंडे जास्त दिले. घाबरून असेल.

आइसिंग म्हणजे काय, मी ऑफिसात समजावत होते.
प्रशीला म्हणाली, केकवरचं ना?
नाही गं, अडचणीत आलं की
चकती लांब, पार पलीकडे भिरकावून देणं.
मग ते आमचा पात्रांव करतो की,
पगाराचं विचारलं की.

जूनमध्ये बंदी. ट्रॉलर दोराला बांधलेले,
लिलावाची शेड धुतलेली, मोकळी.
तिथे भाचीच्या चाकांच्या बुटांवर
कायतानने मला उभं केलं, वय वर्षं त्रेचाळीस.
'सकयल पळोव नाका!'
पण खालीच तर सगळं होतं: सिमेंट, खवले, माझे पाय.
पुढे जायला आठवड्यात आलं.
थांबायला अजून येत नाही. मला भिंती थांबवतात.

जुलैत एका रात्री त्याने रिकाम्या शीतखोलीत
नळी सोडली. पातळ थर, मग गोठू दिला.
पुन्हा थर. तीन रात्री.
सकाळी बोलावलं: पंधरा फूट बाय तीस.
मी ट्रॉलरवरचं नारिंगी जीवरक्षक जाकीट घातलं,
पालवासारखी फुगले, आणि पाऊल ठेवलं.

मी बर्फ विकते. तोललाय, फोडलाय,
त्याच्यावरून माणसांशी भांडले आहे.
तो आपल्याला असा वाहून नेतो
हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

अकरा वेळा पडले. लिहून ठेवलंय.
चकती टायरमधून कापलेली, गोल म्हणजे दोन क्रेट,
मध्ये कायतान, हातात थर्माकोलचं झाकण.
बाराव्यांदा पडता पडता काठी लागली
आणि ती त्याच्या पायांमधून गेली.
तो म्हणतो, मला शिंक आली होती.
शिंकेत झाला तरी गोल तो गोलच.
खोलीत भोंगा नव्हता. मीच वाजवला, तोंडाने,
कॉम्प्रेसर बंद पडला समजून वॉचमन धावत आला.

एकतीस जुलैला पोरांनी पहारीने ती जमीन फोडली.
उद्या बोटी सुटणार, खोली हवी होती.
तुकडे मागच्या दाराने नदीत.
थोडा वेळ तरंगले, एकावर पात्याची रेघ होती,
माझी की कायतानची, कळायला मार्ग नाही.

मी वही उघडली. आवक, जावक, शिल्लक.
घट या रकान्यात लिहिलं:
अंदाजे चाळीस लाद्या.
कारण या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा एक गोल ठिपका झाला.
तसाच ठेवला.