घुमारा

सोफ्यावर, जिथे मी बसते तिथे, सबवूफर बसवला
आणि मी रांगत निघाले,
भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीलगत.
डग्गा जिथे पोकळ लागणार नाही, ती त्याची जागा.
रेडिएटरपाशी नुसता गोंगाट. दाराशी काहीच नाही.
वाळत घातलेल्या पायमोज्यांखाली मात्र
घुमारा नेमका, गोल.

मग ऐंशी हर्ट्झवर सांधा:
रफूसारखा,
बोट फिरवलं तरी लागू नये.

हडर्सफील्डच्या या घरांना भिंत एकच, दोघांत मिळून.
तिसऱ्या रविवारी पलीकडचे अ‍ॅक्रॉइड दारात,
गिरणीतले जुने विणकर.
मी आवाज कमी करायला धावले.
"असू दे," म्हणाले, "इतके दिवस नुसतं खालचंच येतंय माझ्याकडे.
वर काय असतं, ते ऐकायला आलोय."

बूट त्यांनी दाराशीच काढले, न सांगता.