मेतरकाकांचा शेवटचा एन्टर

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत
एकच साधी टेक्स्ट फाइल.
होडी, डिझेल किती लिटर, गेली कधी, परतली कधी,
मध्ये स्वल्पविराम,
ओळ संपली की एन्टर.
अकरा वर्षं मेतरकाकांनी एका बोटानं ठोकलेली.

पहिल्यांदा मी अख्खी फाइल एकदम उचलायला गेले.
भाड्याचा सर्व्हर, बेताची मेमरी,
घुसमटला आणि गप्प झाला.
मग रापणीचा दोर ओढतात तसं, सावकाश:
ओळ आहे तोवर वाच,
टोकाचा एन्टर छाट,
लिटर मोज, हातातून सोड,
पुढची घे.
दोन लाखांच्या आसपास ओळी,
आणि ओझं कायम एकीचंच.

मधे कोऱ्या ओळीही यायच्या.
त्या मी वगळत होते. मग आजूबाजूच्या तारखा पाहिल्या:
बावट्याचे दिवस.
कुणी गेलं नव्हतं,
काका मात्र कामावर आले होते.

सोमवारी खिडकीशी शेवंती कुबल,
दोन कॅन घेऊन.
"सातेरीप्रसाद खंय गेली गो तुज्या यादीत?
ती बग, थंय बांदलेली आसा."

होती खरीच. नवा निळा रंग, भरतीवर डुलत.
पडद्यावर मात्र नव्हती,
आणि परतल्याची नोंद नाही
तर पुढचं डिझेल नाही.

दुपार गेली शोधण्यात.
चूक माझ्याच अटीत:
जिच्या टोकाला एन्टर तीच ओळ,
असं मी धरून चालले होते.
फाइलीच्या तळाशी सातेरीप्रसाद,
चाळीस लिटर, शनिवार, परत पाच वाजता,
सगळं जागच्या जागी,
आणि पुढे काहीच नाही.

काकांना फोन लावला.
शनिवार त्यांचा शेवटचा दिवस.
"नारळ देऊक हाक मारल्यांनी,
तसोच उठलंय."

त्यांच्या फाइलीत एन्टर मी मारू शकले असते.
नाही मारला.
माझीच अट बदलली:
वाचण्यासारखं काही उरलं नाही
तेव्हा हातात जे असेल, तीही ओळ.
रापणकराला हे कुणी शिकवत नाही,
दोर संपला की मगच खोळ येते.

शेवंतीनं भरलेला कॅन हलवून पाहिला
आणि दुसरा पुढे सरकवला.