खालची डावी दाढ

रोज चाळीसेक छात्यांवर मी जेली लावते.
थंड असते, आधी सांगते, तरी माणसं दचकतात.
सहा तारा छातीवर, चार हातापायांना.
हलू नका, बोलू नका, श्वास चालू ठेवा.
श्वास चालू ठेवा म्हटलं
की बरेच जण तो रोखतात.

परळच्या आमच्या ओपीडीत
हृदय घेऊन कुणी येत नाही.
गॅस घेऊन येतात, उसण घेऊन येतात,
बायकोने ओढून आणलंय म्हणतात.
नागपाड्याचे बेकरीवाले शब्बीरभाई म्हणाले,
भट्टीपाशी घाम यायचाच.
त्या दिवशी भट्टी बंद होती,
हे त्यांच्या धाकट्याने सांगितलं, दारातून.
एक मुलगी, बावीसची, धडधडतंय म्हणून रडत आली:
सीएची परीक्षा, तीन रात्रींचं जागरण, अकरा कप कॉफी.
तिची रेघ दुरेघी वहीइतकी नेटकी.
सरांनी घरी पाठवलं,
पण चक्कर येऊन पडलीस तर थांबायचं नाही,
हे तिच्याकडून दोनदा वदवून घेऊन.

मला वाटायचं, मला सगळं कळतं.

आई लालबागला तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
गणपतीपासून म्हणत होती, दाढ ठणकते.
खालची, डावी.
लवंग धरून झाली, मिठाचं पाणी झालं.
एकदा फोनवर म्हणाली,
"गंमत बघ, बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर सुरू होते,
घरी टेकले की जाते.
दाढही माझ्यासारखीच गं, जिन्याला कंटाळलेली."
मी कांदा चिरत होते,
फोन खांद्यात धरून,
आणि हसले.

पारशी कॉलनीतले दातांचे डॉक्टर दुबाश,
वय ऐंशीच्या घरात.
दाढ ठोकून पाहिली, गार पाणी मारलं, एक्स-रे काढला
आणि फी घेतली नाही.
"बाई, ही दाढ तर माझ्यापेक्षा मजबूत हाय.
दाढेला काय माहीत, तू जिना चढते का खुर्चीवर बसते?
हार्टवाल्याकडे जा.
उद्या नाय. आज."

तिने मला कळवलं नाही.
टॅक्सीने आली, केसपेपर काढला, रांगेत बसली.
नंबर सव्वीस.
मी पडदा सरकवला तर पलंगावर आई,
हुकं काढलेली, पदर घट्ट धरलेला.
"थंड असतं का गं?"

रेघ नॉर्मल.
गुलाबी चौकटींचा निर्दोष कागद
मी सरांसमोर जवळजवळ मिरवला.
"आत्ता दुखतंय?" त्यांनी तिला विचारलं.
"नाही. बसलेय ना."
"मग ही बसलेल्या बाईची रेघ.
चढणाऱ्या बाईची बघू."

ट्रेडमिलवर चौथ्या मिनिटाला
आईने गालाला हात लावला
आणि स्क्रीनवरची रेघ खाली वाकली,
दुसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी टेकवायला
ती वाकायची,
तशीच.

आता मी कुठे दुखतं एवढंच विचारत नाही.
कधी दुखतं? काय केलं की थांबतं?
चालताना दाटून येतं नि थांबल्यावर जातं,
तर ते कुठेही असो, हनुवटीत, कोपरात, पाठीत,
याच आठवड्यात दाखवा,
लग्नं आटपायची वाट बघू नका.
आणि बसूनही जात नसेल, घाम सुटला असेल, दम लागत असेल,
तर माझ्या रांगेत येऊच नका.
एकशे आठ फिरवा. शेजाऱ्याला उठवा.
रात्रीचे तीन वाजलेत, तो चिडेल.
चिडू दे.

आईची एक नळी उघडली, तिथे आता जाळी आहे.
जिना तोच. दाढही तीच,
त्या दाढेनेच वाचवलं म्हणते,
आणि दुबाशांना चकल्या पाठवते, कडक.
मी काही बोलत नाही.
तिचा फोन आला
की आधी सुरी खाली ठेवते.