पासंग

चौथ्या दिवशी मला चावडीच्या बाजारात पाठवलं.
गळ्यात ओळखपत्र, हातात बांबोळीहून आलेलं यंत्र
आणि कानात साहेबांचं वाक्य :
आकडा सांगा, मत सांगू नका.

बाजार कसला. एकोणीस ओट्यांतले अठरा कोरडे.
एकावर सुकांती पागी, पुढ्यात बांगड्यांची पाटी,
बर्फाचं पाणी तिच्या पावलांखालून गटाराकडे चाललेलं
आणि माशांवर माश्या.
"यांना बरी भीती नाही," ती म्हणाली. "लाव तुझं मशीन."

लावलं. शून्य दशांश एक एक.
आरोग्य केंद्राच्या गच्चीवरही एवढंच आलं होतं.
मग म्हणाली, ओट्याला लाव.
काळा ग्रॅनाइट, गेल्या वर्षी बसवलेला.
शून्य दशांश दोन नऊ.
तिनं हात ओट्यावरून उचलून पदरात घेतला.

मी घाईनं सांगू लागलो : दगड असाच असतो, बाय,
डोंगरात होता तेव्हापासून, त्यानं काही होत नाही.
"म्हणजे दगड जास्त नि मासा कमी,
तरी गिऱ्हाईक माशाला भितं?"
हो म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं.
पण यंत्र वरवरचंच सांगतं.
पोटातलं कळायला मासा वाळवून, दळून,
शिशाच्या डब्यात रात्रभर ठेवावा लागतो.
अहवाल गुरुवारी.
गुरुवारपर्यंत बांगडा टिकत नाही.
भीती टिकते.

माझ्या वहीच्या मागच्या पानावर वेगळी मोजणी आहे,
तिला सरकारी रकाना नाही.
रुझार बार्रेतो, आगोंद : टिंक्चर आयोडीन पाण्यातून प्याला,
फोनवर कुणी सांगितलं म्हणून. घसा भाजला.
लोलयेची बाळंतीण, तिसऱ्या दिवसाची, टेम्पोच्या हौद्यात.
सोयरू वेळीप, डायलिसिसचा,
करमल घाटात, पळणाऱ्या गाड्यांच्या रांगेत साडेसहा तास.
मडगावला पोचला. म्हणजे पोचवला.
किरणांनी गेलेले : कुणी नाही.
पळण्यानं गेलेला : एक.
साहेबांना हे सांगितलं. म्हणाले,
छान मुद्दा आहे, पत्रकात घेऊ.

ते "छान" अजून दातात अडकलंय.
कारण पहिले दोन दिवस पत्रकच नव्हतं.
डोंगरापलीकडे वाफ सुटली शुक्रवारी,
आम्हाला कळलं रविवारी, मासळीच्या ट्रकवाल्याकडून.
मी खाणपट्ट्यात वाढलोय.
तिथंही एकदा यंत्र आलं होतं, आकडा आला होता,
मर्यादेच्या आत.
आमची विहीर मर्यादेच्या आत आटली.

म्हणून भीतीला मी खुळी म्हणत नाही.
तीही तोलतेच,
फक्त तिच्या दांडीला जुना पासंग बांधलेला असतो,
न सांगितलेल्या एकेका दिवसाचा एकेक खडा.

आणि माझं काय?
रविवारी रात्री गच्चीवरून उतरलो,
आकडा खिशात, मीच घेतलेला, तीनदा तपासलेला,
आणि मुलीला तिच्या आईबरोबर फोंड्याच्या बसमध्ये कोंबलं.
त्याच करमल घाटातून.
खिडकीतून ती विचारत होती, "बाबा, तुम्ही का नाही येत?"
मी म्हणालो, अगं, इथं काही धोका नाही.

सुकांतीकडून सहा बांगडे मागितले.
घरी खाणारा मी एकटा, हे सांगितलं नाही.
तिनं तराजू उचलला, रिकामाच,
दोन्ही पारडी हलायची थांबेतो धरून ठेवला माझ्यासमोर,
काटा मधोमध आला तो बोटानं दाखवला.
माप नंतर टाकलं, मासे त्याहून नंतर.

"हे आधी दाखवायचं असतं," ती म्हणाली.