पहिली पाळी

तीनशे सीड्या काढल्या. बँडचं नाव 'धोटा',
अल्बमचं 'पहिली पाळी'.
कव्हरवर यमुलांच्या कारखान्यातला
डागी टॉवेल.

पेपरात चार ओळी आल्या, तूरडाळीच्या भावाखाली:
'साखर पेठेतील युवकांचा भक्तिगीतांचा संच.'
नवी पेठेतल्या दुकानदारानं अकरा ठेवल्या,
दहा परत केल्या.
एक कुणी नेली, त्याला आठवेना.

पुण्याहून एकानं कळवलं,
पत्र्याच्या डब्यात रेकॉर्ड केल्यासारखं वाटतं.
पत्र्याच्याच शेडमध्ये केलं होतं,
माग बंद असतात त्या दिवशी.

अंबादासची आई विड्या वळत
दुसऱ्या गाण्यापर्यंत बसली.
माझा आवाज चढला तशी म्हणाली,
'भूक लागलीय काय की ह्याला.'

नागनाथचे वडील जॉबर.
मागाच्या आवाजावरून बिघाड सांगायचे,
आता डावा कान गेलाय.
उजवा पुढं करून
आठही गाणी ऐकली त्यांनी.
मग म्हणाले,
'पाचव्यात एक दोरा तुटलाय.
तसंच पुढं विणलंय तुम्ही.'

परत लावलं.
तिसऱ्या मिनिटाला
नागनाथच्या हातून काठी निसटली होती.
शंभरदा ऐकूनही
आम्हा चौघांना कळलं नव्हतं.
नागनाथला माहीत होतं.
तो चपला शोधत होता.