पोच

कणकुंबीच्या दूध डेअरीत राऊटरवर हिरवा दिवा आहे.
लुमाण्णा गुरव फोनवर म्हणतात,
‘दिवा लागलाय की ओ, मग हिशेब का जाईना बेळगावास?’
मी उद्यमबागेत, लेथ मशिनींच्या वरच्या खोलीत बसून
त्यांचा प्रोग्रॅम लिहितो. लिटर, फॅट, दर, रुपये.
आता त्यात एकच ओळ वाढवायची होती:
नेट आहे का?

आधी त्यांच्या संगणकालाच विचारलं.
तो म्हणाला, आहे.
वायर खोचलेली आहे, पत्ता मिळालेला आहे.
वायर राऊटरपर्यंत जाते, राऊटर भिंतीवर,
भिंत डेअरीची, आणि डेअरीपासून पुढे
जांबोटीच्या उतारावर कुणीतरी पाण्याची पाइप टाकताना
केबल उपटलेली.
संगणक खोटं बोलला नाही.
त्याला दिसत होतं तिथपर्यंतचं त्यानं सांगितलं.

मग बेळगावच्या सर्व्हरचा ठावठिकाणा विचारला.
झटक्यात आला. मी चहा सांगितला.
ठिकाणा कालचा होता, राऊटरनं लक्षात ठेवलेला,
घर उठून पुण्याला गेलं तरी
पोस्टमननं सांगावं तसा:
हां, ते होय, चिंचेच्या मागं.

मग थेट दारच वाजवलं.
आतून ‘ओ’ आली. सगळं ठीक, आकडा दोनशे.
उघडून बघतो तर
कंपनीचं पान, वाटेतच खुर्ची टाकून बसलेलं,
कन्नडात आणि इंग्रजीत सांगत होतं, रिचार्ज संपलाय.
हाक मारली एकाला,
ओ दिली भलत्यानंच.

म्हणून खूण ठरवली.
सर्व्हरवर एक फाइल ठेवली, फाइलीत एकच शब्द,
जो वाटेतल्या कुणाला सुचणार नाही.
लुमाण्णांना विचारलं, कुठला ठेवू?
ते जरा थांबले. मागं कॅनची झाकणं वाजत होती.
‘मोरी,’ म्हणाले.
गेल्या साली विकलेली म्हैस.

मोरी आली तर नेट आहे.
नाही आली तर नाही.
पण वाट किती बघायची?
एक सेकंद ठेवला तर घाटातून उत्तर अर्ध्यात असतानाच
आम्ही ‘नाही’ म्हणून मोकळे.
पाच ठेवले तर सकाळी सहाला
रांगेतल्या बायका स्क्रीनकडे बघत उभ्या,
दूध निवतंय.
लुमाण्णांचा फोन तोवर गोव्याचा टॉवर धरून
पणजीत स्वागत करून घेतलेला.
तीन ठेवले. तीनला कारण काही नाही.

आणि एका मंगळवारी मोरी आली, स्पष्ट आली,
पुढच्या क्षणी हिशेब पाठवला,
तो गेलाच नाही.
नेट होतं.
विचारलं तेव्हा होतं.

गाडी काढून कणकुंबीला गेलो.
लुमाण्णा एस्टीच्या टपावर बहिणीचा कॅन चढवत होते,
बहीण बेळगावात, वडगावला.
‘गाडी पोचेल का म्हणून इथं उभं राहून
विचारत नाही मी कुणाला,’ हात पुसत म्हणाले.
‘चढवायचं. संध्याकाळी रिकामा कॅन आला, की पोचलं.
नाही आला, तर उद्या दुसरा.’
मी टपाकडे बघत राहिलो.
दहा वर्षं कोड लिहितोय मी.

परत येऊन प्रश्नच काढून टाकला.
हिशेब आधी डेअरीतच जपायचा,
मग पाठवायचा, पोच येईतोवर पुसायचा नाही,
आणि दोनदा पोचलं तरी
एकदाच धरायचं, एवढं बेळगावला शिकवलं.
चालतंय. तक्रार नाही.

फाइल मात्र अजून आहे.
काढणार होतो, तर फोन आला,
‘ते मोरीचं ऱ्हाऊ दे ओ कोपऱ्यात.’
राहू दिलं. त्याच्यावर आता काहीच अवलंबून नाही.
तरी रोज पहाटे नोंदवहीत दिसतं,
पाच वाजून पन्नास, कणकुंबी,
एक मशीन नाव घेऊन विचारतं,
आणि तीन सेकंद थांबतं.