गड्डा उठल्यावर

गड्डा उठला की होम मैदान
दाढ काढलेल्या हिरडीसारखं दिसतं.
तंबूच्या खुंट्यांची भोकं, उसाचा वाळलेला चोथा,
मौत का कुआँ होता तिथं
तेलाचा मोठा गोल डाग.

मी तेव्हा येतो. पहाटे, माकडटोपी घालून.
खांद्यावर माझं यंत्र:
पीव्हीसीचा पाइप, स्कूटरची बॅटरी,
आणि तळाशी मीच गुंडाळलेली कॉइल.
तीस वर्षं यंत्रमागांच्या मोटारी वाइंड केल्या अशोक चौकात.
आता माग कमी झाले, तार उरली.

फिरायला आलेले विचारतात,
"काय शोधलालाव ओ, बाँब?"
मी म्हणतो, हो. पाय जपून टाका.

ऐकणं अवघड नाही.
खिळा फुटका वाजतो.
दहाचं नाणं वाजतं शेजारच्या घरी वाटी पडल्यासारखं.
पण सोन्याची अंगठी
आणि गुटख्याची चुरगळलेली पुडी
एकाच आवाजात बोलतात,
मऊ, खालच्या पट्टीत, जरा लाजून.
म्हणून प्रत्येक पुडीसाठी गुडघे टेकावे लागतात.
पुडीचा कंटाळा केला त्याला सोनं नाही.
कंटाळा न करता मला मिळालंय आजवर:
एक जोडवं, अर्धं पैंजण,
बंद पडलेल्या गिरणीचा पितळी बिल्ला, नंबर आठशे बारा
(कुणाचा, ते विचारायला आता माणसंच नाहीत),
आणि पुड्या. पुड्यांचं पोतं.

यंदा नरसव्वा कोंड्याल आली.
बोटांना तंबाखूचा वास, गळा मोकळा.
"अण्णा, बोरमाळ पडली. पाळण्यात बसले होते.
सोळा मणी. दिवसाचे किती घेता?"
मी तीनशे म्हणालो. तिनं घासाघीस केली नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

सुतळी बांधून चौकोन पाडले.
पाळणा कुठं होता विचारलं
तर सोमवारी तिनं झाडाकडं बोट केलं,
मंगळवारी पाण्याच्या टाकीकडं.
माणूस घाबरला की दिशा विसरतो, मी समजून घेतलं.
दुपारी डब्यातून चिंचेचा भात दिला,
आपण जेवली नाही.
कठड्याजवळ एक म्हातारी, डोक्यावर पदर,
आम्हा दोघांकडं बघत बसलेली.
"सासूबाई," नरसव्वा म्हणाली. "रोज येतात सोबतीला."

बुधवारी ऊन उतरलं तेव्हा
ती माझ्या शेजारी बसली, जमिनीकडं बघत बोलली.
ओठ फार हलू न देता,
विड्या वळताना बायका बोलतात तसं.
"इथं नाही ती, अण्णा.
दिवाळीतच मोडली. सराफानं वितळवलीसुद्धा असेल."
मी काही विचारलं नाही.
"पैसे पूर्ण घ्या. फक्त अंधार पडेपर्यंत शोधा.
त्यांना शोधताना दिसायला पाहिजे."

आयुष्यभर मी बंद पडलेल्या मोटारी चालू केल्या.
चालू यंत्र खोटं फिरवायची ही पहिलीच वेळ.
बॅटरी वाचवावी म्हणून खटका बंद करणार होतो,
पण मुक्या यंत्राचं सोंग लांबूनही कळतं,
आणि म्हातारीचे कान शाबूत होते.
चालूच ठेवलं.
डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं,
जिथं काही नाही
तिथं नेहमीपेक्षा नीट,
एक वीतही न सोडता.

सिद्धेश्वराच्या तळ्याकडनं वारा सुटला.
दिवे लागायच्या जरा आधी
यंत्र वाजलं.
मऊ, खालच्या पट्टीत.

पुडी असणार. मला ठाऊक होतं.
तिला तर माझ्याहून जास्त ठाऊक.
तरी मी खुरपं काढेपर्यंत
नरसव्वा खाली वाकली होती
आणि दोन्ही हातांच्या नखांनी
माती उकरत होती.